शिवलेली शेवटची पानं

जळगाव, १४ नोव्हेंबर २०२४

बन्सीभाऊ, रामराम.

फार उशिरा लिहितोय, त्याबद्दल रागावू नको. रागावलेला तर तू आहेसच, त्यात आणखी भर नको एवढंच. दोन दिवाळ्या गेल्या. पहिल्या दिवाळीला कागद घेऊन बसलो तर डाव्या डोळ्यापुढं धूर आला. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू. दुसऱ्या दिवाळीला डोळा चांगला झाला होता, पण हिंमत होईना. आता दोन्ही ठीक आहेत असं नाही, पण लिहितोय.

सोनल म्हणते, बाबा, फोन करा, दोन मिनिटांचं काम. तिला काय सांगू, तू माझा आवाज ऐकला की फोन ठेवून देतोस. कागद ठेवून दिला तरी तो पडून राहतो. कधीतरी माणूस उचलतो.

मी आणि तुझी जमना वहिनी सध्या लेकीकडेच आहोत, पिंप्राळ्यात. गावचं घर बंद आहे. तुझ्या आणि माझ्या घराच्या मधली ती एकच भिंत, तिला तुझ्या बाजूने ओल धरली आहे म्हणे. तू धुळ्याला देवपुरात खोली घेतलीस ते वना कंडक्टरकडून कळलं. आपल्या गावचाच पोरगा, खोटं बोलणार नाही. तुझा नवल तुरुंगात आहे तोवर भेटायला जायला तिथून बरं पडतं, असं तू म्हणालास म्हणे. जेवणाचं काय करतोस? गॅस बंद करायला विसरत नाहीस ना? आमच्या वहिनी होत्या तेव्हाही तू चहा उकळत ठेवून ओट्यावर यायचास.

या पत्रासोबत एक पुस्तक पाठवतोय. नाव ‘न्यायाधीश जेवायला गेले’. रद्दीवाल्याकडे मिळालं. पहिलं पान नाही, त्यामुळे लेखक कोण ते कळलं नाही, पण माणूस कोर्टात बसून आलेला आहे हे नक्की. सगळं एका दुपारी घडतं. खटला संपत आलेला आहे, न्यायाधीश जेवणाच्या सुटीत उठून जातात. व्हरांड्यात साक्षीदार, मयताचा भाऊ, आरोपीची आई, सगळे शेजारी शेजारी बसून डबे सोडतात. एकमेकांना लोणचं देतात. डबे खाताखाता खरं काय ते बोलून जातात, आणि सुटी संपल्यावर आत जाऊन एकेकजण शपथेवर खोटं सांगतो. मारामारी नाही, पाठलाग नाही, तरी मला रात्री पाणी प्यायला उठायची भीती वाटली. तुला आवडेल. तुला कोर्टाच्या गोष्टी माझ्यापेक्षा जास्त आवडायच्या, मला आपला गुप्तहेर लागायचा.

शेवटची पानं आपल्या नियमाप्रमाणे शिवून ठेवली आहेत. दाभण अजून माझ्याकडे आहे. जिनिंगमध्ये गोण्या शिवून हात असा बसला की टाका तिरका जात नाही. मीही शेवट वाचलेला नाही. तू तिथपर्यंत ये, मग दोघांनी बसून खुनी कोण ते तोंडाने सांगायचं, आणि नंतरच धागा उसवायचा. हरेल त्याने भजी आणायची. एवढी वर्षं हेच केलं. आता तू तिकडे, मी इकडे, कसं करायचं ते तू सांग.

पिशवी वनाच्या हाती देतोय. बस सुटायच्या आधी पोचलो पाहिजे, म्हणून घाईत आहे.

ता. क. समन्स आलं आहे. आठ जानेवारी, धुळे. त्याविषयी या पत्रात काही लिहीत नाही.

तुझा, हिलाल


जळगाव, २८ नोव्हेंबर २०२४

बन्सीभाऊ, रामराम.

वनाने पुस्तक परत आणलं. धागा तसाच. मी त्याला विचारलं, बन्सीआबा काय बोलले, नीट सांग, एक शब्द गाळू नको. तो म्हणाला, “काही नाही. पुस्तक मांडीवर ठेवून बसले बराच वेळ. मंग म्हने, लई जा भाऊ परत. मना डोळा आते नही चालतस.”

तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. तू चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायचास.

पत्र मात्र परत आलं नाही. ते ठेवून घेतलंस. त्यावर मी पुन्हा लिहायला बसलोय.

आज ‘सातव्या मैलावरचं प्रेत’ पाठवतोय. हे आपण दोघांनी वाचलेलं आहे, म्हणून शिवलेलं नाही. पण पुन्हा वाचण्यासारखं आहे. तो म्हातारा पोस्टमास्तर आठवतो? निवृत्त झालेला, पोलिसांना कंटाळा येईपर्यंत त्यांच्या मागे फिरतो, आणि मयताच्या जोड्याच्या टाचेला चिकटलेल्या मातीवरून खून उघड करतो. माणूस खोटं बोलतो, जोडा बोलत नाही, असं म्हणतो तो. ते वाक्य तू दोनदा मोठ्याने वाचलं होतंस. एक सांगतो, हे पुस्तक नवलला आत नेऊन देऊ नको. शेवटी फाशी आहे.

आता लिहितोच. त्या दिवशी तुझ्या शेतातल्या विहिरीवर माझी नजर चपलांवर गेली ती कदाचित या पोस्टमास्तरमुळेच गेली असेल. मी काही ठरवून केलं नाही. फौजदार म्हणाला, गावातली दोन शहाणी माणसं पंच म्हणून द्या, आणि लोकांनी माझ्याकडे बोट केलं. विहिरीतून काढलेल्या कोकिळाजवळ तू बसला होतास. तिच्या अंगावर कोणीतरी गोधडी टाकली होती. हवालदार लिहीत होता, विहीर पूर्वेला, बोराचं झाड उत्तरेला. सगळे म्हणत होते पाणी काढताना पाय घसरला. नवलही तेच म्हणत होता.

मी म्हणालो, “साहेब, चपलांचं लिहा.”

हवालदार म्हणाला, “चपला लिहिल्या ना, आबा. एक जोड.”

“कशी ठेवली आहे ते लिहा. डावी उजवीकडे आहे, उजवी डावीकडे.”

फौजदार वळला. “मग?”

मी सांगितलं. घसरली असती तर चपला पायात राहिल्या असत्या, नाहीतर इकडे तिकडे पडल्या असत्या. जीव द्यायला आली असती तर स्वतःच्या हाताने काढून नीट ठेवल्या असत्या. बाई स्वतःच्या चपला उलट्या जोडीने कशाला ठेवील? या दुसऱ्या कोणीतरी ठेवल्या, तिने उडी मारली असं दिसावं म्हणून.

फौजदाराने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आबा, तुम्ही आमच्या खात्यात पाहिजे होते.”

बन्सी, मला बरं वाटलं. तू तिथे बसला होतास, तुझी सून समोर पडली होती, आणि मला बरं वाटलं. नवल त्या संध्याकाळी शेतात होता असं दोघांनी सांगितलं, कोकिळाच्या डोक्याला मार होता, तो दगडाचा की कशाचा ते डॉक्टरांना सांगता येईना. आणि माझ्या ओळीने सगळं एकत्र बांधलं. तिसऱ्या दिवशी त्याला नेलं. तू माझ्या ओट्यापुढं उभा राहून म्हणालास, “हिलाल, तू मना पोऱ्याले पुस्तकमा घाली दिना रे.” त्यानंतर तू माझ्याशी बोललेला नाहीस.

पण मी जे होतं तेच लिहायला लावलं. चपला तशाच होत्या. सगळ्यांनी पाहिलं.

सरकारी वकिलांच्या ऑफिसातून फोन आला होता. म्हणाले, आबा, लिहिलंय तेवढं सांगा, तुमच्या एका ओळीवर केस उभी आहे. म्हणजे मी काही चुकीचं केलेलं नाही. तुला लिहून सांगावंसं वाटलं.

थंडी पडायला लागली. छाती शेकत जा.

हिलाल


जळगाव, १० डिसेंबर २०२४

बन्सीभाऊ,

आज पुस्तक पाठवत नाही. ‘हिरव्या पेटीतला माणूस’ म्हणून एक आणलं होतं, अर्धं वाचून ठेवून दिलं. तुला कुठे दिसलं तरी घेऊ नको. त्यात एक वस्तू सापडते आणि सगळी माणसं त्या वस्तूभोवती फिरायला लागतात. कोणी कोणाला विचारत नाही की घरात काय चाललं होतं. पूर्वी असली पुस्तकं मला आवडायची.

परवा कोकिळाची आई आली होती. भिकुबाई. पिंपळनेरच्याही पलीकडून दोन बसा बदलून एकटी आली. फार वाळली आहे. नागलीचे पापड आणले होते, पंच्यात बांधून. सोनलने चहा दिला तो तिने बशीत ओतला आणि प्यायली नाही.

माझ्या पाया पडायला लागली. मी पाय मागे घेतले तर म्हणाली, “घेऊ नका, आबा. मनी पोरनं कोनीच नही ऐकं. तुम्ही एकलाच ऐकं.”

बन्सी, ते ऐकून मी मान वर करू शकलो नाही.

मी विचारलं, कोकिळा तुम्हाला काही सांगायची का? म्हणाली, “दर खेपले सांगे. पाठ दखाडे. मीच म्हने, तठेच ऱ्हाय माय, बठ्ठास्ना घरमा ऱ्हास. आते मी कोनले सांगू? तुम्ही सांगा कोर्टमा.”

लेक पाठ दाखवायची आणि आई म्हणायची, राहा तिथेच, सगळ्यांच्या घरात असतं. एवढी तिची भेट. तुझी वहिनी तिला दारापर्यंत पोचवायला गेली. दारात एक लहानशी गोष्ट घडली. ती आता लिहीत नाही.  पुढच्या पत्रात लिहीन, किंवा लिहिणार नाही.

पापड तसेच आहेत. कोणी तळले नाहीत.

हिलाल


जळगाव, १७ डिसेंबर २०२४

बन्सीभाऊ,

हे पत्र वाचून झाल्यावर फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच.

भिकुबाई निघाली तेव्हा तिच्या चपला दारात होत्या. सोनलच्या पोरांनी येता-जाता लाथाडल्या होत्या, एक उलटी पडली होती, दुसरी जिन्याकडे. तुझी वहिनी वाकली. तिची कंबर तुला माहीत आहे, पलंगाखालची पिशवी काढायला ती सोनलला हाक मारते. पण त्या चपलांसाठी वाकली. उलटी होती ती सरळ केली, दुसरी आणली, जोडी करून ठेवली. भिकुबाईने पाय घातला आणि अडखळली. डावा पाय उजव्या चपलेत गेला होता.

मी खुर्चीतून पाहत होतो. ती बाई गेल्यावरही पाहत राहिलो.

संध्याकाळी तुझी वहिनी भरिताची वांगी भाजून साल काढत बसली होती. मी जवळ गेलो.

“तू चपला कायम अशाच ठेवस का?”

“कशा?”

“डावी-उजवी उलटी.”

“सरळ करी दिनी ना? मंग झायं. उलटी चप्पल पडेल ऱ्हायनी ते घरमा भांडण व्हस.”

 मी पुढं विचारलं. “जमना, त्या दिनले विहिरवर तू मना पहिले गई व्हती.”

ती साल काढायची थांबली नाही. म्हणाली, “हां. तठे बी मीच करी. एक काठले व्हती, एक बोरना बुडे, उलटी पडेल. मरेल बाईनी चप्पल अशी कशी राहू देवानी? उचली आनी, जोडी करी, ठी दिनी.”

“मंग दोन वरीस तू बोलनी कशी नही?”

“तुम्ही इचारं का? तुम्ही ते फौजदारले शिकाडी ऱ्हायंतात.”

मी म्हणालो, अगं, तू ठेवलेल्या त्या चपलांवर नवल आत आहे. त्यावर तिने वांगं ताटलीत टाकलं आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं कधी पाहिलेलं नाही. म्हणाली, “माले मालूम शे. आत शे ते चांगलंच शे. चपलास्नं काय लई बसनात? तो तिले रोज मारे, ते कोनी लिखं का?”

 तिचं बोलणं संपलं नव्हतं.

“तुम्हना दोन्ही म्हातारास्ले ओटावर रोज खुनी सापडे. भितना पल्याड बाई रडे, ती कोनलेच ऐकू नही ये.”

  बन्सी, आपल्याला ऐकू यायचं. तुझ्या घरातून आवाज सुरू झाला की तू मोठ्याने वाचायला लागायचास, आणि मी म्हणायचो, पुढं वाच. त्या पोस्टमास्तरची ती दोन पानं तू एकदा इतक्या मोठ्याने वाचलीस की समोरचा भटू येऊन विचारून गेला, आबा, भांडण झालं का. आपण हसलो होतो.

कोर्टात मी चपला तशा होत्या असं सांगितलं तर ते खरंच आहे. मी खोटं बोलणार नाही, आणि नवल जन्मभर आत राहील. भिकुबाई घरी जाऊन दिवा लावेल. आणि मी तुझ्या वहिनीचं सांगितलं तर नवल सुटेल, आणि भिकुबाईला वाटेल की मीही इतरांसारखाच निघालो. दोन्ही बाजूंनी खरंच आहे आणि दोन्ही बाजूंनी पाप आहे. असं एकाही पुस्तकात वाचलं नाही. त्यात खरं एकच असायचं, आणि ते शेवटी बाहेर आलं की सगळे उठून घरी जायचे.

मला झोप लागत नाही.  सोनल म्हणते ॲसिडिटी.

तू काहीतरी लिही. शिवी लिही.

हिलाल


जळगाव, ३० डिसेंबर २०२४

बन्सीभाऊ, रामराम.

काल तुझ्या वकिलांचा फोन आला. म्हणजे तू पत्र वाचलंस. फाडलं नाहीस, त्यांना नेऊन दाखवलंस. मला राग नाही. बाप आहेस. मी तुझ्या जागी असतो तर रात्रीच गेलो असतो.

फार गोड बोलले. म्हणाले, आबा, जमनाबाईंनाही घेऊन या. मी अर्ज देतो, चपला त्यांनी ठेवल्या एवढं त्यांना सांगू द्या. घरातलं काही काढू नका, ते कोणी विचारणार नाही. त्यानंतर तासाभराने सरकारी वकिलांकडून फोन. पंचनाम्यात लिहिलंय तेवढं सांगा, तुमच्या घरातल्या बायकांचं काही काढू नका. बन्सी, दोघांनाही अर्धाच हिलाल हवा आहे, फक्त कोणता अर्धा एवढाच फरक.

मी तुझ्या वहिनीला सांगितलं. मला वाटलं नाही म्हणेल. कोर्टाच्या पायरीला तिने कधी पाय लावलेला नाही.

ती म्हणाली, “मी येसू. पन मी बठ्ठं सांगसू.”

मी म्हणालो, सगळं कोणी विचारलंच नाही तर?

“तुम्हले चपलास्नं कोनी इचारेल व्हतं का? तरी तुम्ही सांगंच ना.”



म्हणून आमचं ठरलं आहे. चपलांचं सांगायचं, आणि भिंतीचंही सांगायचं. भिकुबाईला मी फोन करून आधीच सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “म्हनजे तुम्हले बी ऐकू ये.” आणि फोन ठेवला. मी तिला पुन्हा लावला, तिने उचलला नाही. पापड अजून आमच्याकडेच आहेत. ते परत कसे करायचे, की करायचे नाहीत, हेही मला कळत नाही.

नवलने तिला ढकललं, की तिचा पाय घसरला, की तिनेच उडी टाकली, हे मला माहीत नाही. दोन वर्षं मला माहीत होतं. आता नाही.

तुला माहीत असेल. त्या संध्याकाळी तू घरात होतास. तुझ्या जबाबात लिहिलंय, घरात काही वाद नव्हता. मी त्यावर रात्रंदिवस विचार केला. मला असं वाटतं, ती मार खाऊन रडत एकटीच शेताकडे गेली असेल, आणि तेव्हा नवल घरातच असेल, आणि नंतर तिला शोधायला गेला असेल. तसं असेल तर ते तू एकटाच सांगू शकतोस. पण ते सांगायचं तर ती का रडत होती ते आधी सांगावं लागतं. म्हणून तू बोललाच नाहीस. पोराला वाचवायला वाद नव्हता म्हणालास, आणि त्याच शब्दांनी तो अडकला.

हा पुन्हा माझा तर्क आहे. माझ्या तर्कावर माझा आता विश्वास राहिलेला नाही. एका तर्काने काय झालं ते आपण दोघं बघतो आहोत. म्हणून कोर्टात हे मी बोलणार नाही. फक्त तुला विचारतोय. तसं होतं की नव्हतं? तू सांगितलंस तर नवलवरचा खून उतरेल, की राहील, की दुसरं काही लागेल, हे मला सांगता येत नाही. मी सातवी शिकलेला माणूस, कायदा मला गोष्टीतला माहीत. पण मार दिल्याची शिक्षा त्याला झाली तर ती त्याने केलेल्या गोष्टीची असेल. मी लिहायला लावलेल्या ओळीची नसेल. आणि बाप म्हणून तुला तो खरा काय आहे ते एकदा चारचौघांत म्हणावं लागेल. ते तू कसं करशील मला कळत नाही. मला माझंच कळत नाही. उलटतपासणीत माझी जीभ अडकेल असं वाटतं. तुझी वहिनी म्हणते, तुम्ही अडकलात तर मी आहे.

तू साक्षीला उभा राहशील की नाही, ते तू आणि तुझे वकील ठरवा. माझं एवढंच म्हणणं, मी बोलेन तेव्हा तू मागच्या बाकावर बसलेला अस. उठून जाऊ नको.

‘न्यायाधीश जेवायला गेले’ मी सोबत आणतोय. शेवटची पानं शिवलेलीच आहेत, मी हात लावलेला नाही. कोणाचं नाव सांगायचं ते मला यावेळी सुचत नाही. साक्ष होईपर्यंत तेही तसंच राहू दे. नंतर तू बसशील तर उसवू, नाही बसलास तर परत नेईन.

आम्ही सात तारखेला वनाच्या बसने निघतो. पारोळ्याला बस थांबते तिथे तुझी वहिनी लघवीला उतरेल, म्हणून थोडा उशीर होईल. धुळ्यात अंधार पडायच्या आत पोचू. वना म्हणतो, बस देवपुराकडून जात नाही, स्टँडवरून रिक्षा करावी लागेल. रिक्षा करून तुझ्याकडे येऊ, की रात्रभर स्टँडवरच थांबू, ते कळव. सोनल म्हणते लॉज बघा. लॉजमध्ये तुझी वहिनी राहणार नाही, अनोळखी गादीवर तिला झोप लागत नाही. माझं काय, मी कुठेही बसेन. तिची कंबर मात्र थंडीत बाकावर टिकणार नाही.

वना रोज संध्याकाळी तुझ्या बाजूला येतो. त्याच्याजवळ तोंडी सांगितलंस तरी चालेल. या, नाहीतर नको, एवढं एकच सांग, पण सात तारखेच्या आत सांग.

तुझा, हिलाल